खडखड नव्हे, खुळखुळ

गॅरेजात सगळे त्यांना कानमामा म्हणत. सख्खा भाचा एकही नाही, पण मामा मात्र अवघ्या गॅरेजचे. चौतीस वर्षं त्यांनी गाड्यांची कुरकुर ऐकली. गाडी फाटकातून आत वळतानाच ते चहाचा कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग बोलतंय." उघडून बघावं तर खरंच तेच बोलत असायचं. घरी मात्र बायकोची हाक त्यांना तिसऱ्यांदा ऐकू यायची. ती म्हणायची, "मीही चार चाकं लावून घेते आता."

मामांची एक खोड होती. नट आवळून झाला की त्याच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. पहिली बाटली बायकोची. तिने हौसेने आणली, दोनदा नखांना लावली, आणि एक दिवस बाटली जी गॅरेजात गेली ती गेलीच. पुढच्या बाटल्या मामा स्वतः आणू लागले. दुकानात उभं राहून लाल रंग निवडताना त्यांना जराही लाज वाटत नसे. ठिपका दिला म्हणजे हा नट माझ्या हातचा, उद्या काही झालं तर मला विचारा. एवढा साधा हिशेब.

जुने मालक थकले आणि त्यांच्या खुर्चीत त्यांचे जावई येऊन बसले. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणत, पाठीमागे जावईबापू. माणूस दुष्ट नव्हता. फक्त गाडीच्या पोटाखाली न शिरता गाडी कळते, असं त्याला कुणीतरी पटवून दिलं होतं. त्यांनी कॉम्प्युटर आणला, कागदी जॉबकार्डं बंद करून पडद्यावरचा फॉर्म आणला, आणि काउंटरमागच्या भिंतीवर स्वतःचा भलामोठा फोटो लावला. बाह्या दुमडलेल्या, हातात पाना, शेजारी लालभडक स्पोर्ट्स कार. पाना उलटा धरलाय हे मामांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण ते बोलले नाहीत.

तीच लाल गाडी एका सकाळी पुन्हा दारात आली. महिन्यात तिसऱ्यांदा. गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. इतकी बुटकी, की तिच्यात बसायचं म्हणजे जमिनीवर मांडी घालण्यासारखंच, आणि उठताना कुणीतरी हात दिला तर बरं. पहिल्या खेपेला कॉम्प्युटर लावला, तो म्हणाला गाडी ठणठणीत. दुसऱ्या खेपेला खालचे सस्पेन्शनचे जोड बदलले. आवाज होता तिथेच.

"तिसऱ्यांदा आलेय मी," डॉक्टरीणबाई काउंटरवर म्हणाल्या. "माझा पेशंट तिसऱ्यांदा तेच दुखणं घेऊन आला असता तर मी तोंड लपवलं असतं."

जावईबापू बाहेर आले. मामा लिफ्टपाशी हात पुसत उभे होते, बाकीचे मेकॅनिक आजूबाजूला. सगळ्यांच्या देखत जावईबापू म्हणाले, "मॅडम, या गाडीच्या सगळ्या कामांवर आमच्या मामांचंच नाव आहे. विसरले असतील आत काहीतरी. वयाने होतं." मग मामांकडे वळून, "कान तपासून घ्या एकदा. आणि आज संध्याकाळपर्यंत आवाज सापडला तर ठीक. नाहीतर उद्यापासून हत्यारं ठेवा आणि स्टोअरच्या खोलीत बसा, डबे मोजत."

मामांच्या अंगाची लाही लाही झाली. चौतीस वर्षांत त्यांनी गाडीत चिंधीसुद्धा विसरली नव्हती. आणि बोलावं तर काय बोलावं? डावा कान गेलं वर्षभर थोडा मंद झाला होता, ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं या माणसाने, आणि तेही न बघता.

ते तरातरा काउंटरपाशी गेले. "ताई, बाईंची तक्रार काय लिहिलीय ते वाच."

काउंटरवरच्या ताई दोन मुलांची आई, वीस वर्षं तिथे बसलेल्या. त्यांनी वाचलं, "खडखड."

"खडखड?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी खडखड कधी म्हटलं? मी तिन्ही वेळा सांगितलं, खुळखुळ होतंय."

मामांनी ताईंकडे पाहिलं.

ताई ओशाळल्या. "मामा, मी काय करू? या फॉर्मात आवाज निवडायचा असतो. दोनच आहेत. खडखड आणि घरघर. मला वाटलं, त्यातल्या त्यात खडखड जवळचं."

"जवळचं?" मामांचा आवाज चढला. "अगं, खडखड म्हणजे काहीतरी सैल झालंय. खुळखुळ म्हणजे काहीतरी कोंडलंय. महिनाभर आम्ही नटबोल्ट आवळत बसलो, आणि रोगी ओरडून सांगतोय की माझं दुखणं दुसरंच. हा फॉर्म कुणी केला?"

फॉर्म कुणी केला ते सगळ्यांना ठाऊक होतं. जावईबापू मोबाइलमध्ये बघायला लागले.

"बाई, खुळखुळ येते कधी?" मामांनी विचारलं.

"दवाखान्याच्या पार्किंगमध्ये. तिथे गोल गोल चढून वर जावं लागतं ना, तेव्हा. वर पोहोचले की बंद. सरळ रस्त्यावर कितीही पळवा, चिडीचूप."

"आणि आम्ही गाडी लिफ्टवर टांगून ऐकत होतो. टांगलेली गाडी वळणार कशी, बोलणार कशी? चला, अंगणात काढा. वळत राहा. चालत्या माणसाच्या वेगाने, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे."

मग जे झालं ते बघायला शेजारचा टायरवालासुद्धा काम टाकून आला. एरवी तुफान पळणारी गाडी अंगणात मुंगीसारखी फिरत होती, आणि बाजूने मामा कमरेत वाकून, नव्याने चालू लागलेल्या नातवाला धरावं तशी तिला हाताने धरून चालत होते. उजवा कान गाडीकडे, डावा जगाकडे. इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला, काही नाही. दिव्यापाशी ठेवला, काही नाही. टायरवाला म्हणाला, "मामा, भोवळ येईल."

"येऊ दे. ती वयाने येते," मामा म्हणाले. जावईबापूंना ऐकू जाईल इतक्या जोरात.

पाचव्या फेरीला त्यांनी तळहात गाडीच्या मागच्या पंखावर ठेवला. या असल्या गाड्यांना पाठीवर आडवा पंख असतो, दिसायला जाडजूड पण आतून पोकळ, दोन्ही टोकांना झाकणं. गाडी डावीकडे वळली आणि तळहाताखालून काहीतरी घरंगळत उजव्या टोकाला गेलं. उजवीकडे वळली, तसं डावीकडे परत आलं. कानाआधी तळहाताला कळलं.

"थांबवा," मामा म्हणाले.

टोकाचं झाकण उघडायला त्यांनी पाना लावला आणि तिथेच थांबले. झाकणाच्या चारही नटांवर लाल ठिपका नव्हता. एकावरही नाही. त्यातले तीन सारखे, चौथा जरा वेगळा, जवळपास बसला म्हणून ठोकून बसवलेला. झाकण निघालं, जॅक लावून गाडी जरा तिरकी केली, आणि मामांच्या तळहातावर टप्पकन एक नट पडला. त्या तिघांचा सख्खा भाऊ. त्यावरही ठिपका नाही.

"पंख कुणी बसवला?" मामांनी विचारलं.

ताईंनी पडद्यावर पाहून हळूच सांगितलं, "इथे तुमचं नाव आहे, मामा."

"मी या गाडीचे खालचे जोड बदलले. पंखाला हात लावला नाही."

डॉक्टरीणबाईंची नजर काउंटरमागच्या भिंतीकडे गेली, मग ताईंची, मग टायरवाल्याची. फोटोत जावईबापू बाह्या दुमडून हसत होते, आणि उलटा पाना त्याच पंखाच्या टोकाला लावलेला होता.

जावईबापूंनी घसा खाकरला. "अं... होतं कधीकधी."

"होतं," मामा म्हणाले. "पण वयाने नाही होत. ताई, माझं नाव खोड आणि ज्याचं आहे त्याचं लिही."

ताईंनी जावईबापूंकडे न बघता नाव बदललं. माफी वगैरे कुणी मागितली नाही, आणि मामांचा रागही काही त्या दिवशी उतरला नाही. घरी गेल्यावर बायकोने दोनदा विचारलं, काय झालं. दुसऱ्यांदा त्यांनी ऐकलं आणि कधी नव्हे ते खरं सांगितलं, डाव्या कानाचंही. ती म्हणाली, "ते मला केव्हाच माहीत आहे. हाका मीच मारते ना."

दुसऱ्या दिवशी मामा हत्यारांपाशीच होते. जाता जाता त्यांनी नेलपॉलिशची एक रिकामी बाटली काउंटरवर ठेवली. आत तो नट. ती आजही तिथेच आहे. कुणी आवाजाची तक्रार घेऊन आलं की ताई कॉम्प्युटरचा पडदा बाजूला सारतात, बाटली हलवतात आणि विचारतात, "असा का?" जावईबापू तेव्हा नेमके आत जातात. फोटो मात्र त्यांनी अजून काढलेला नाही. मामा म्हणतात, राहू दे, पाना उलटा धरलेला दिसतोय तोवर राहू दे.