आत्याने जपून ठेवलेला आवाज

माझी आत्या कुणालाही माफ करत नाही, आणि ते ती लपवतही नाही. एका शिंप्याने तिचा कोट खांद्यात बिघडवला होता. ती त्याच्याशी भांडली नाही. दुसऱ्याकडून नवा कोट शिवून घेतला आणि तो अंगात घालून रोज मुद्दाम लांबच्या रस्त्याने, पहिल्याच्या दुकानासमोरून जाऊ लागली. भर उन्हाळ्यातही, घाम पुसत. शेवटी तो बिचारा ती दिसली की कापडांच्या मागे जाऊन उभा राहायचा. "गेला आत," असं ती घरी येऊन सांगायची आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवायची.

मला तिचा हा स्वभाव आवडतो. आमच्या घरात बाकी सगळे 'जाऊ दे ना' म्हणणारे. जाऊ दे म्हणत म्हणत माझे बाबा नोकरीत शेवटपर्यंत दुसऱ्यांचं काम उपसत राहिले. मी आत्यावर गेले आहे, असं आई म्हणते. तिला ते कौतुक म्हणून म्हणायचं नसतं.

आत्या पंपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायची. नट-बोल्टपासून मोटारीपर्यंत सगळं तिच्या ताब्यात. तिचा एक नियम होता: ज्या वस्तूला वर्षभर कुणाचा हात लागला नाही, ती भंगारात. फळीवर जागा अडवून बसणाऱ्या वस्तूंचा तिला आळशी माणसांइतकाच राग. हाच नियम ती घरीही चालवायची. बाबांची बासरी, आईची शाल, आतोबांचा मासे पकडायचा गळ, सगळं असंच गेलं. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, गरीब माणूस. ते म्हणायचे, "मीच तेवढा रोज समोर येऊन बसतो, नाहीतर मलाही उचलून नेलं असतं."

स्टोअरमध्ये भिंतीवर एका खिळ्याला प्रेस मशीनची किल्ली असायची. प्रेस म्हणजे पत्रा दाबून कापणारं मशीन. त्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी बसवलेली असते, माणसाचा हात आत जाऊ नये म्हणून. जाळी जागेवर नसेल तर किल्ली द्यायची नाही, असा कारखान्याचा कायदा होता आणि तो पाळणं आत्याच्या हातात होतं. एकदा जाळी मोडली. नवी यायला वेळ होता आणि मोठ्या साहेबांना माल पाठवायची घाई होती. मशीन जाळीविना चाललं, आणि प्रेसवर काम करणाऱ्या पोराची उजव्या हाताची बोटं गेली.

चौकशीत साहेबांनी सरळ हात वर केले. जाळी मोडल्याचं स्टोअरने मला कळवलंच नाही, म्हणाले. चोर सोडून संन्याशाला सुळी. आत्याला स्टोअरमधून काढून फाटकावर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पास फाडून द्यायचे, निवृत्त होईपर्यंत. साहेबांची गाडी रोज तिच्यासमोरून आत जायची आणि तिने उठून दांडा वर करायचा. तिने तो नेहमी वर केला. पण अगदी सावकाश, एवढा सावकाश की साहेबांना दरवेळी गाडी थांबवावी लागे.

आणि तिच्याकडे रेकॉर्डिंग होतं. साहेब तोंडी हुकूम द्यायचे आणि मग शब्द फिरवायचे, म्हणून ते स्टोअरमध्ये शिरले की ती खिशातला फोन चालू करून ठेवायची. त्या दिवशीचं बोलणं त्यात आलं होतं. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं. बाबांनी तेव्हाच म्हटलं होतं की चौकशीत दे. "तिथे सगळी त्यांचीच माणसं. वेळ आली की ऐकवीन," असं म्हणून तिने विषय बंद केला. ते कुणाला ऐकू मात्र दिलं नाही. पुढे फोन बदलला तेव्हा मी ते तिच्या लॅपटॉपवर घालून दिलं, आणि जुना फोन अर्थातच भंगारात गेला.

मग मोठे साहेब निवृत्त होणार असं कळलं. निरोपाचा समारंभ ठरला. त्यांच्यासोबत काम केलेल्यांत आत्या सगळ्यांत जुनी, म्हणून आयोजकांचा फोन आला. "बाई, तुम्ही चार गोड शब्द बोला."

"बोलीन की," आत्या म्हणाली. फोन ठेवल्यावर तिचा चेहरा असा उजळला होता की आतोबा आजारपणात गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. ठरलं असं की तिने माईकवर जायचं, "साहेबांचं मार्गदर्शन मला कायम मिळालं, त्यातलं थोडं तुम्हीही ऐका," एवढंच म्हणायचं आणि रेकॉर्डिंग लावायचं. हे वाक्य मी तिला सुचवलं. मलाही उकळ्या फुटत होत्या.

समारंभाच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "लॅपटॉप उठत नाहीये."

मी गेले. काळा पडदा, वर पांढरी अक्षरं: सुरू होण्यासाठी लागणारी फाईल सापडत नाही. मी बंद करून पुन्हा चालू केला. तीच अक्षरं. आपोआप दुरुस्तीचा पर्याय दाबला. बराच वेळ गोल गोल फिरून तो पुन्हा त्याच पाटीवर आला.

"काल काय केलंस?" मी विचारलं.

"काही नाही. सफाई केली. फार रखडत होता. तिथे हॉलमध्ये ऐन वेळी अडकला असता म्हणजे?"

"सफाई म्हणजे काय केलंस, आत्या?"

"सगळं तारखेप्रमाणे लावलं. वर्षभरात जे उघडलं नाही ते काढून टाकलं. विंडोज नावाचं एक केवढं मोठं खोकं होतं. आत हजारो फायली, एकही मी कधी उघडलेली नाही. धड नाव वाचता येईल तर शपथ."

"त्याला हात लावताना तो काही बोलला नाही?"

"परवानगी मागत होता. दिली. मालक मी आहे."

"एकदाच मागितली?"

"सारखीच. कारखान्यातही असली माणसं होती. मी लक्ष दिलं नाही."

"आणि कचऱ्याची टोपली?"

"तीही रिकामी केली. भंगार उचलून नेल्याशिवाय सफाई कसली?"

मी कपाळाला हात लावला. तिचा आवाज मात्र आता बारीक झाला होता. "ते गेलं का गं?" तिने विचारलं. ते म्हणजे काय, हे मला विचारायची गरज नव्हती. आयुष्यभर जपलेला सूड तिने स्वतःच्या हाताने झाडून टाकला असेल, तर ती त्यातून उठली नसती.

मी तिला समजावलं की लॅपटॉपचं डोकं गेलंय, कपाट शाबूत असेल. मी माझा लॅपटॉप नेला होता. त्यावर एका पेन ड्राइव्हमध्ये दुसरी प्रणाली तयार केली, म्हणजे उसनं डोकं म्हणा. ते तिच्या लॅपटॉपला लावलं आणि चालू करताना त्याला सांगितलं की स्वतःचं सोड, या पेन ड्राइव्हवरून सुरू हो. दोनदा त्याने ऐकलं नाही. आत्या बाजूला उभी राहून लॅपटॉपला हळू आवाजात दम देत होती. तिसऱ्यांदा पडदा निळा झाला आणि तिच्या डिस्कचं कपाट उघडलं.

आत जवळजवळ काही नव्हतं. मी फोटोंच्या खोक्यात गेले. त्यात आतोबा होते, माझं लहानपण होतं, ती दोघं समुद्रावर गेली होती तेव्हाचे फोटो होते. मीच ते सगळे तिला घालून दिले होते. खोकं रिकामं होतं. आतोबांच्या फोटोंना वर्षभर हात लागला नव्हता. मग दुसऱ्या खोक्यात एकच फाईल दिसली. तिच्यापुढे शेवटचं कधी उघडलं त्याची तारीख होती. कालची.

"रोज ऐकतेस?" मी विचारलं.

"सकाळी उठल्यावर," आत्या म्हणाली. "नाहीतर राग पातळ होतो."

मला वाईट वाटलं, हे खरं आहे. मी म्हटलं, फोटो कदाचित परत मिळतील, पण त्यासाठी लॅपटॉपवर नवं काहीही न लिहिता दिवसभर शोध चालवावा लागेल. ती म्हणाली, "ते नंतर. आधी हे काढ." मी ती फाईल माझ्या लॅपटॉपवर घेतली. फोटोंचं काम पुढे आठवडाभर मी करत बसले. बरेचसे आले. काही अर्धेच आले, आतोबा कपाळापर्यंत आणि खाली नुसता राखाडी पट्टा.

फाईल चालते का ते बघायला मी ती लावली. आधी मशीनांची घरघर, मग साहेबांचा तो जाड आवाज. "जाळी येईपर्यंत मी काय मशीन थांबवून बसू, बाई? लोकांना काय उत्तर देऊ? द्या त्याला किल्ली. जाळीचं नंतर बघू." हेच हवं होतं. मी बंद करायला हात पुढे केला, पण रेकॉर्डिंग अजून चालू होतं.

"बरं साहेब," आत्याचा आवाज. बुटांचा आवाज लांब गेला. मग एक कोवळा आवाज म्हणाला, "बाई, जाळी लावलेली नाहीये."

आणि आत्या म्हणाली, "तुला काम करायचंय की नाही? घे किल्ली." किल्ली टेबलावर आपटल्याचं ऐकू आलं. तिथे ते संपलं.

चौकशीत तिने हे का दिलं नाही, ते मला तेव्हा कळलं. आत्या खिडकीतून बाहेर बघत होती. रोज सकाळी ती साहेबांच्या वाक्याशीच थांबत असेल की शेवटपर्यंत ऐकत असेल, हे मी विचारलं नाही.

"साहेबांपर्यंतच ठेवू का?" मी म्हटलं. "पुढचं कापते."

तिने खिडकी लावून घेतली. "काप," म्हणाली.

मी कापलं. मूळ फाईल तशीच ठेवली आणि 'साहेबांपर्यंत' अशी दुसरी केली. साहेबांनी आत्याची वर्षं फाटकावर घालवली होती, त्यांना असली सूक्ष्म दया कशाला दाखवायची, असं मला वाटत होतं.

हॉल भरलेला होता. साहेब मधल्या खुर्चीत, गळ्यात हार, शेजारी त्यांची बायको आणि सून. बोटं गेलेला तो प्रेसवाला मागच्या रांगेत बसला होता. त्याच कारखान्यात तो आता खोक्यांवर चिकटपट्ट्या लावायचं काम करतो, डाव्या हाताने. आत्या माईकवर गेली, ठरलेलं वाक्य बोलली, आणि मी लावलं.

साहेबांचा आवाज त्यांच्याच समोर हॉलभर फिरला. आधी लोक हसले, काहीतरी गंमत आहे असं समजून. 'जाळीचं नंतर बघू' आलं तेव्हा हसू थांबलं आणि माना मागच्या रांगेकडे वळल्या. साहेबांचा चेहरा उतरला. ते काहीतरी म्हणू लागले, कुणी ऐकलं नाही. त्यांच्या सुनेने त्यांच्याकडे पाहिलं आणि खुर्ची थोडी लांब सरकवली. तेवढं बघूनच माझे पैसे वसूल झाले. साहेबांनी हार काढला, तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना, आणि तो हातात घेऊनच ते मागच्या दाराने गेले. आत्या व्यासपीठावरून उतरली तेव्हा दहा वर्षांनी लहान दिसत होती.

लोक जेवायला गेले. आम्ही वायर गुंडाळत होतो. प्रेसवाला टेबलापाशी आला. उजवा हात खिशात होता.

"बाई, बरं केलंत," तो म्हणाला. मग म्हणाला, "साहेब गेल्यावर मीही काहीतरी बोललो होतो. ते नाही लागलं."

आत्याने हातातली वायर टेबलावर ठेवली. मी म्हणणार होते की रेकॉर्डिंग तेवढंच आहे. तोंड उघडलंही होतं.

"मूळ आहे ना?" आत्याने मला विचारलं. "लाव."

माईक काढून नेला होता. मी लॅपटॉपच्या बारक्या आवाजातच लावलं. तिघंही टेबलावर वाकून ऐकत होतो. साहेब बोलून झाले. "बरं साहेब." मग त्याचा तो कोवळा आवाज आला आणि त्याने मान हलवली, ओळखीचं कुणी दिसल्यासारखी. मग आत्याचा आवाज, मग किल्ली.

"हां," तो म्हणाला. "असंच होतं. मला वाटायचं, माझ्याच डोक्याने बनवलं की काय." त्याने खिशातला हात काढला आणि टेबलावर ठेवला. "साहेबांना मी माफ करणार नाही. तुम्हालाही नाही करणार, बाई."

"नको करूस," आत्या म्हणाली. "ते मला समजतं."

तो जेवायला गेला नाही, सरळ बाहेर पडला. आत्याने माझ्याकडून पेन ड्राइव्ह मागून घेतला. 'साहेबांपर्यंत' नावाची फाईल तिने मला पुसायला लावली, आणि मूळ, अख्खी तेवढी त्या पेन ड्राइव्हमध्ये घालून घेतली.