आजारी माणसाच्या सोबतीला

सुलावेसी हे इंडोनेशियाचं एक बेट. त्याच्या डोंगराळ भागात तीस-पस्तीस घरांचं एक गाव आहे, तिथे मी पाच आठवडे राहिले. भाताचे जुने वाण शोधायचे, त्यांची माहिती लिहून घ्यायची आणि बियाणं गोळा करायचं, हे माझं काम. जन्म घोटीजवळच्या खेड्यातला, लहानपण आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या चिखलात गेलेलं. आता नाशिकला गंगापूर रोडवर राहते, एवढाच काय तो फरक. त्यामुळे भाताचं गाव मला परकं वाटणार नाही अशी खात्री होती.

सुरुवातीला वाटलंही नाही. डोंगर उतरत येणारी खाचरं, वाकून रोपं लावणाऱ्या बायका, बांधावर ठेवलेले जेवणाचे डबे. फक्त प्रत्येक खाचराच्या मधोमध एक गोल खड्डा होता, पाण्याने भरलेला. खाचरातलं पाणी काढून टाकलं की मासे त्या खड्ड्यात गोळा होतात. पाणी इतकं काळं की तळ दिसायचा नाही. घरं लाकडी, खांबांवर उभी. छपरं दोन्ही टोकांना होडीसारखी वर गेलेली. सकाळी दहापर्यंत धुकं असायचं, आणि त्यातून नुसती छपरंच दिसायची.

समोरच्या कड्यात खूप उंचावर छोटी छोटी लाकडी दारं होती. धान्याची कोठारं असतील, असं मला वाटलं. मी विचारलं तेव्हा घरमालकीण हसली.

"तिथे आमची माणसं ठेवली आहेत," ती म्हणाली.

ती चाळिशीची होती, शाळेत शिकवायची, इंग्रजी बरं बोलायची. घरात ती, तिची म्हातारी आई आणि वडील. वडील आजारी आहेत, हे तिने मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. म्हातारीने आतल्या खोलीचं दार हलकेच वाजवलं आणि आत तोंड करून काहीतरी म्हणाली.

"भारतातून पाहुणी आलीय, असं सांगतेय," लेक म्हणाली. "न सांगता कुणाला ठेवून घेतलं तर त्यांना राग येतो."

मी विचारलं, काय होतंय त्यांना? ती म्हणाली, अशक्तपणा. माझ्याकडे तापाच्या गोळ्या होत्या, त्या देऊ केल्या. तिने दोन्ही हातांनी घेतल्या, आभार मानले आणि फळीवर ठेवून दिल्या.

पुढचे पाच दिवस मी सकाळी खाचरात आणि दुपारी लिहायला घरात, अशी असायचे. आतल्या खोलीतून कधी खोकला ऐकू आला नाही, कूस बदलल्याचा आवाज नाही. आजारी माणूस इतका शांत कसा, असं वाटायचं. तीन वेळा ताट आत जायचं. भात, पालेभाजी, माशाचा तुकडा, शिवाय कॉफी. थोड्या वेळाने ताट तसंच बाहेर यायचं. शेजारचे लोक येऊन तासभर आत बसायचे, मोठ्याने गप्पा मारायचे, हसायचे. त्यांच्या बोलण्यात मधेच खंड पडायचा, कुणीतरी उत्तर देत असल्यासारखा. मग पुन्हा बोलणं सुरू. दार उघडलं की कॉफीबरोबर आणखी एक वास यायचा. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत बेडूक ठेवलेला असायचा, तसा.

माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही, की मी येऊ दिलं नाही, हे आजही मला सांगता येत नाही.

सहाव्या दिवशी त्या दोघींना खालच्या गावात बारशाला जायचं होतं. लेक मला म्हणाली, "दुपारभर बाबांजवळ बसाल का? एकटं ठेवलं की ते रुसतात."

"पण मला तुमची भाषा येत नाही."

"कुठल्याही भाषेत बोला. त्यांना सोबत हवी असते, बस."

त्या गेल्या. मी दार वाजवलं आणि आत गेले. खिडकी बंद होती, फटींतून उजेड येत होता. पलंगावर एक म्हातारा पाठीवर निजलेला. हनुवटीपर्यंत जाड घोंगडी, डोक्यावर लोकरीची टोपी, डोळ्यांवर चष्मा. उशाशी कॉफीचा पेला, त्यातून अजून वाफ निघत होती. मी नमस्कार केला आणि स्टुलावर बसले. सरळ मराठीत सांगायला लागले, की मी नाशिकची, आमच्याकडेही भात होतो, पण आमचे डोंगर उन्हाळ्यात पार करपून जातात.

तेवढ्यात एक माशी आली. त्यांच्या गालावर बसली, चालत चालत चष्म्याच्या काचेखाली शिरली आणि पापणीवरून फिरली. पापणी हलली नाही. मी घोंगडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. घोंगडी वर-खाली होत नव्हती. गालाची कातडी सुकून हाडाला चिकटली होती, वाळलेल्या आमसुलासारखी.

पळावंसं वाटलं. पण डोक्यात एकच गोष्ट येत होती, की यांना एकटं सोडू नका असं सांगून गेल्यात. मी हात पुढे करून माशी हाकलली. मग बोलत राहिले. गप्प बसले तर ती खोली बोलायला लागेल, अशी भीती वाटत होती.

कसं कोण जाणे, मी माझ्या वडिलांवर आले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. मीही तेव्हा तापाने फणफणलेली, खोलीत कोंडलेली. सकाळी भावाचा फोन आला की गेले, आणि दुपारी आला की झालं. त्या दोन फोनांच्या मध्ये मी काय केलं, मला आठवत नाही. चेहरा कुणीच पाहिला नाही. भावाने लांबून प्लास्टिकचं एक गाठोडं पाहिलं. हे सगळं मी त्या अनोळखी म्हाताऱ्याला मराठीत सांगितलं. आजवर कुणालाच इतकं सांगितलं नव्हतं. सांगताना रडलेही. मधे थांबले तेव्हा लक्षात आलं, की मी उत्तराची वाट बघतेय.

त्या दोघी परत आल्या तेव्हा मी बाहेरच्या पायरीवर बसले होते. लेकीने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"कधी गेले?"

"गेले नाहीत," ती शांतपणे म्हणाली. "श्वास थांबून चौदा महिने झाले. विधी होईपर्यंत ते आजारी आहेत. भाऊ परदेशातून आले, की विधी करू. त्या दिवशी बाबा जातील."

जुनी रीत अशी, की त्या दिवसापासून तिची आई भात सोडणार. विधी कित्येक दिवस चालतो; तो पुरा होईपर्यंत तांदळाचा दाणा खाणार नाही. आज मात्र ती चुलीपाशी बसून भात शिजवत होती.

जेवायला बसलो. म्हातारीने चार पानं वाढली, एक आत पाठवलं. मग पाचवं वाढलं आणि माझ्या डाव्या हाताला ठेवलं.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

लेकीने आईला विचारलं. उत्तर ऐकून ती माझ्याकडे वळली. "म्हणतेय, तुमच्या वडिलांचं. बाबांनी सांगितलं म्हणे तिला." मग घाईघाईने म्हणाली, "मी काहीच सांगितलेलं नाही. मला तर माहीतच नव्हतं."

दुपारी त्या घरात मराठी समजणारं कुणीही नव्हतं. माझे डोळे सुजले होते, त्यावरून म्हातारीने ओळखलं असेल. असंच असेल. पण त्या पानाशेजारी मी जेवले, आणि जेवताना एकदाही डावीकडे बघायचं धाडस झालं नाही.

उरलेले चार आठवडे मी तिथेच राहिले. रोज दार वाजवून आत जायचे, आज कुठलं बियाणं मिळालं ते सांगायचे. निघताना निरोपही घेतला.

आठ महिन्यांनी, नाशिकला, भर दुपारी लेकीचा संदेश आला. "बाबा आज गेले. आई खूप रडतेय." मी तिला फोन केला. आवाजावरून ती काल-परवापर्यंत आशा धरून बसलेली वाटली.

त्या रविवारी मी घोटीकडे आईला भेटायला गेले. ओट्यावर बसून तिला हे सगळं पहिल्यांदाच सांगितलं. ती घाबरेल किंवा चिडेल असं वाटत होतं. तिने सुपातले तांदूळ निवडत सगळं ऐकून घेतलं.

"ह्यांचा फोन मी बंद केला नाय," ती म्हणाली. "रोज चार्जिंगला लावते. अजून फोन येत्यात. लांबचे पाव्हणे, बियाण्यावाले. इचारत्यात, हायेत का. मी म्हनते, शेतावर गेलेत."

मी विचारलं, "मग?"

"मग म्हनत्यात, आले की सांगा."

"आणि तू सांगतेस?"

"सांगते की," आई म्हणाली, आणि सूप उचलून पाखडायला लागली.