मागे उभं राहण्याइतकी जागा

आमच्या नागासाकीच्या चढावर गाडी घराच्या दारापर्यंत येत नाही. खाली रस्त्यालगतचा दगडी बांध पोखरून जो तो आपलं गॅरेज करतो आणि तिथून पायऱ्या चढत घरी जातो. इवानागा-सानांच्या घराला एकेचाळीस पायऱ्या, त्यांच्या डोक्यावर असलेल्या आमच्या घराला बासष्ट. त्यामुळे त्यांच्या गॅरेजचं शटर उघडलं की खडखडाट थेट माझ्या स्वयंपाकघरात येतो. वीस-बावीस वर्षं मी त्या आवाजावर संध्याकाळचा भात लावत आले. आधी शटर, मग त्यांच्या बायकोचा, तोमिए-सानांचा आवाज: "ओराई... ओराई... ओराई... हं, बस्स."

गाडी मागे घेताना मागे उभा असलेला माणूस आमच्याकडे असंच म्हणतो. ओराई, म्हणजे येऊ द्या, येऊ द्या. तोमिए-सान तो शब्द फार लांबवायच्या. झोपाळ्यावर बसल्यासारखा.

कोहेई इवानागा ताटामी करायचे. खोलीभर अंथरायच्या गवताच्या जाड बैठका. ते बैठका बांधायचे आणि तोमिए-सान त्यांच्या कापडी कडा शिवायच्या. या धंद्यात सगळा खेळ मापाचा. कुठलीच खोली नीट चौकोनी नसते, एक कोपरा कुठेतरी दोन मिलिमीटर सरकलेला असतोच. इवानागा-सान खोलीत शिरले की आधी नमस्कार करत आणि मग भिंतींकडे असे पाहत, जणू त्या काहीतरी लपवतायत. माणूस अबोल. आमच्या घरच्या ताटामी त्यांनी दोनदा बदलल्या, दोन्ही वेळा मिळून दहा वाक्यं बोलले असतील.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तोमिए-सान गेल्या. खोकला म्हणून दाखवायला गेल्या आणि अकराव्या दिवशी गेल्या. पुढच्या दोन महिन्यांत इवानागा-सानांनी आपली पांढरी व्हॅन गॅरेजच्या दगडाला तीनदा घासली, दोनदा डावीकडे, एकदा उजवीकडे. रस्ता उताराचा, तोंड अरुंद, आणि वर्षानुवर्षं मागे ताटामी रचलेल्या, त्यामुळे आरशात बघून गाडी आत घ्यायची सवयच त्यांना लागली नव्हती. ते आवाजावर गाडी घ्यायचे. काही दिवस त्यांनी व्हॅन खालच्या भाड्याच्या जागेत लावली, मग विकून टाकली. दुकानही आवरलं. रिकाम्या गॅरेजचं शटर मात्र रोज सकाळी वर जायचं आणि संध्याकाळी खाली यायचं. आत काहीच नसायचं. मला ते ऐकवत नसे.

यंदा एप्रिलमध्ये ते पहिल्यांदाच आमच्या पायऱ्या चढून आले. हातात गाड्यांचं एक मासिक आणि थोडी लोकाटं, आमच्याकडची पिवळी आंबटगोड फळं.

"मात्सुओ-सान, तुम्ही कॉलेजात शिकलेल्या. जरा बघून सांगा."

"मी साहित्य शिकलेय. गाड्या नाही."

"वाचता तर येतं ना? बारीक अक्षर मला लागत नाही."

ज्या पानांना त्यांनी घड्या घातल्या होत्या ती सगळी दोन सीटच्या उघड्या गाड्यांची होती.

"हिला छप्परच नाहीये," मी म्हटलं.

"आहे. काढता येतं."

"आहे तर काढायचं कशाला?"

"मजा म्हणून."

त्यांच्या तोंडून मजा हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी तो असा उच्चारला, जणू एखाद्या औषधाचं नाव आहे आणि ते बरोबर लक्षात राहिलंय ना याची खात्री करून घ्यायची आहे. व्हॅनमध्ये चाळीस वर्षं गवताचा वास, म्हणाले. समुद्राकडच्या रस्त्याला उघडी गाडी शेजारून गेली की तोमिए म्हणायची, त्या बाईच्या केसांचं काय होत असेल. दर वेळी हेच म्हणायची.

मला गाड्यांची धास्ती वाटते, ते लपवून उपयोग नाही. माझी मुलगी मिओ कुमामोतोला नोकरीला आहे. रोज घाटातून जाते. तिचा 'पोहोचले' असा निरोप येईपर्यंत मी हातातलं काम नुसतं हातात धरून बसते. नवरा पाच वर्षं नागोयाला, कंपनीने पाठवलंय, महिन्यातून एकदा येतो. तेव्हा त्या दिवशी मी इवानागा-सानांना जे बोलले ते खरं तर मिओला बोलायचं होतं.

"पुढच्या वर्षी तुम्ही सत्तरचे होणार. लोक या वयात लायसन परत करतात. ट्रॅम आहे, बस आहे."

"ट्रॅममध्ये मजा नसते."

"मग निदान साधी घ्या. चार सीटची, सरकत्या दारांची. अरुंद गॅरेजात तीच बरी. कोणी पाहुणे आले तर..."

"कोण पाहुणे?"

ते रागावले नव्हते. लोकाट सोलत म्हणाले, "चार सीट घेतल्या तर तीन रिकाम्या. दोन घेतल्या तर एकच. मी मोजून बघितलंय."

जुन्या गाड्यांच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर गेले ती या भीतीने, की चालवून बघा म्हटलं तर हे एकटेच कुठेतरी निघून जातील. तिथे सेगावा नावाची तिशीतली विक्रेती होती, बोलायला फटकळ.

"आजोबा, कुणाला सरप्राइज द्यायचंय का?"

"आजोबा म्हणू नका. मला नातवंडं नाहीत."

"बरं, साहेब."

"साहेब तर मुळीच नाही. ताटामीवाला म्हणा."

तिने त्यांना एक लाल गाडी दाखवली. उघडी, दोन सीटची, हेडलाइट झाकलेले, झोपलेल्या डोळ्यांसारखे. इवानागा-सान आत बसले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या कुंपणाकडे बघत राहिले. सेगावा-सान माझ्या कानात म्हणाली, "हे असे बसले म्हणजे गाडी विकली गेली."

"लांबी किती?" त्यांनी आतूनच विचारलं.

"तीन मीटर पंचाण्णव."

ते उतरले आणि दार हलकेच लावलं. "नाही बसणार. माझं गॅरेज तीन साठचं."

"मोजलं कधी होतं?" तिने विचारलं.

"मी ताटामीवाला आहे," ते म्हणाले. "मला मापाबद्दल विचारू नका."

मग तिने एक छोटी दाखवली, आमच्याकडे सगळ्यात लहान गाड्यांना असते तशा पिवळ्या नंबरप्लेटची, तीही दोन सीटची, छप्पर निघणारी. तीन मीटर तीस. पंचवीस वर्षं जुनी, रंग शिळ्या चहासारखा. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि बोनेटला हातही लावला नाही. येताना ट्रॅममध्ये ते एवढंच म्हणाले, "लाल गाडीत बसल्यावर पाय पूर्ण लांब झाले माझे."

पंधरा दिवस शटर वर-खाली होत राहिलं. मग सेगावा-सानचा त्यांना फोन आला. लाल गाडीला दुसरं गिऱ्हाईक येतंय, ती म्हणाली. एवढ्या मोठ्या गाडीला पोलिसांकडून गाडी ठेवायच्या जागेचा दाखला लागतो, त्यासाठी जागेचा नकाशा काढावाच लागतो, तेव्हा एकदा मोजून तर बघा. त्यांना तो अपमान वाटला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खालून हाक मारली. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता.

मी टोक घेऊन आत गेले. गॅरेज थंड होतं. मागच्या भिंतीला टोक लावून धरलं. ते शटरपाशी ओणवले.

"नीट धरा."

"धरलंय."

"भिंतीला टेकवलंय?"

"टेकवलंय."

"मग चार मीटर दहा कसं येतं?"

"ते मला काय विचारता? मी साहित्यवाली."

त्यांनी मला शटरपाशी आणलं, स्वतः टोक घेऊन भिंतीशी गेले आणि मला वाचायला लावलं. चार मीटर दहा. टेप गुंडाळून पुन्हा उलगडला. तेच. मग ते गॅरेजच्या मधोमध उभे राहिले. पूर्वी एकदा खाली रबराची चटई टाकायची होती तेव्हा मापलं होतं, ते सांगू लागले. व्हॅन आत उभीच होती. शटरपासून व्हॅनच्या मागच्या बंपरपर्यंत माप घेतलं, तीन साठ, तेच कायमचं डोक्यात बसलं. व्हॅन रोज तिथेच थांबायची. केसभर इकडे नाही, तिकडे नाही.

"का तिथेच?" मी विचारलं आणि विचारताविचारता मला कळलं. त्यांना माझ्याआधी कळलं असावं.

ते मागच्या भिंतीशी गेले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. दोन्ही हात पुढे धरून त्यांनी हवेत कडा दाखवली, जिथे बंपर यायचा तिथे. त्यांचे हात जेमतेम मावत होते.

"पन्नास सेंटीमीटर," ते म्हणाले. "इथे ती उभी राहायची."

मी त्यांच्या हातांकडे बघत होते.

"हिवाळ्यात कोट घालून. मग अशी आडवी, भिंतीला घासत बाहेर यायची. कोटाला पांढरं लागायचं. मी म्हणायचो, कुठे लोळून आलीस."

तीस वर्षं ते तोमिए-सानांच्या आवाजावर रोज गाडी घेत होते आणि त्यांना मापात एकदाही धरलं नव्हतं. लोकांच्या खोल्यांतले दोन दोन मिलिमीटर ज्यांच्या नजरेतून सुटत नसत त्या माणसाच्या हातून ही एवढी चूक झाली होती. मला वाटलं ते रडतील. त्यांनी टेप खिशात घातला आणि म्हणाले, "म्हणजे लाल गाडी मावते."

"मावते."

"पंधरा सेंटीमीटर उरतात."

"बरं झालं की."

ते हं म्हणाले. मी वर आले. आनंद व्हायला हवा होता. पण त्या आठवड्यात मला सारखी लाल गाडीच दिसत होती, वळणावर, पावसात, कठड्याच्या पलीकडे. आत कधी इवानागा-सान असायचे, कधी मिओ. मी मिओला फोन केला.

"तू गाडी लावतेस तेव्हा मागे कोण बघतं?"

"कॅमेरा बघतो, आई. पीप-पीप वाजतो."

"आणि तो चुकला तर?"

"तो तुझ्यासारखा घाबरत नाही, म्हणून चुकत नाही."

पुढच्या रविवारी दुपारी खालून हॉर्न वाजला. एकदा, मग जरा थांबून पुन्हा एकदा. काहीतरी झालंय, या खात्रीने मी चप्पल अर्धवट घालून बासष्ट पायऱ्या उतरले. रस्त्यावर ती शिळ्या चहाच्या रंगाची छोटी गाडी उभी होती, छप्पर काढलेलं. आत इवानागा-सान, गुडघे स्टिअरिंगला लागलेले. त्यांचे थोडे उरलेले केस सगळे उभे राहिले होते.

"लाल कुठंय?" मी विचारलं.

"लालमध्ये माणूस उभा राहू शकत नाही."

"आत बसायचं असतं. उभं कोण राहतं?"

त्यांनी गॅरेजकडे मान केली. "मागे."

छप्पर नसलेल्या गाडीत मान वळवली की मागचं सगळं उघड दिसतं. त्यांना कुणाची गरज नव्हती. हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. मी आत गेले, भिंतीला पाठ लावली. दगडाचा गारवा ब्लाउजमधून आत आला. ते माझ्याकडे बघत नव्हते, समोर रस्त्याकडे बघत बसले होते, मान ताठ. वाट बघत होते.

मला तो शब्द आयुष्यात कधी म्हणावा लागला नव्हता. आमची गाडी नवरा लावायचा, तोही महिन्यातून एकदा.

"ओराई," मी म्हटलं.

गाडी हलली.

"ओराई... ओराई..."

मी घाबरून फार लवकर थांबवलं. बोनेट अजून बाहेर होतं.

"अजून येईल," ते पुढे बघतच म्हणाले. "ती बंपर पोटाला लागेपर्यंत येऊ द्यायची."

"मी नाही देणार एवढं येऊ."

"बरं. मग शटर लागेल तितकं तरी द्या."

मे महिना असा गेला. दुपारी तीनला ते समुद्राकडे जात, पाचच्या आत परत येत. मी घरी असले तर खाली उतरत असे. शेजारच्या सीटवर ते काहीच ठेवत नसत, भाजीची पिशवीसुद्धा पायाशी. एकदा मी म्हटलं, चला म्हणालात तर मी येईन. ते म्हणाले, "तुमच्या केसांचं काय होईल?" आणि विषय तिथेच राहिला.

जूनमध्ये मिओला ताप आला म्हणून मी कुमामोतोला गेले. बरी होती ती, आठ दिवसांत तिला माझा कंटाळा आला. परत आले तेव्हा पाच वाजायला आले होते. बसथांब्यावरून पिशवी घेऊन चढ चढत होते, तेवढ्यात वळणापलीकडे शटरचा खडखडाट ऐकू आला. मग इंजिन. मग त्यांचा आवाज.

"ओराई..."

त्यांनी तो शब्द लांबवला होता, अगदी तोमिए-सानांसारखा, झोपाळ्यावर बसल्यासारखा.

"ओराई... ओराई..."

मी वळणावर थांबले. गाडी अर्धी आत होती. इवानागा-सान समोर बघत होते, मान ताठ, ओठ मिटलेले. गाडी अगदी हळू मागे जात होती, जात राहिली, आणि पुढचा शब्द ते म्हणत नव्हते. आत, भिंतीशी, पन्नास सेंटीमीटर अंधार होता.

मी पिशवी रस्त्यावर ठेवली.

"हं," मी म्हटलं. "बस्स."

गाडी थांबली.