राईचं गाऱ्हाणं

समस्त महाड-पोलादपूरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या सासुरवाडीच्या देवळात आता खोटं बोलायला कुणाचीही आडकाठी उरलेली नाही. हटकणारा गृहस्थ गेला. माझे सासरे, नाना. चहा मागितला आणि तो येईपर्यंत थांबले नाहीत... बायकोचा फोन आला तेव्हा मी महाडच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत होतो. खरं सांगतो, दुःखाच्या आधी भीती वाटली. आता राईचं काय होणार?

पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. भैरीच्या देवळामागे देवाची राई, तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही. नवा जावई असताना माझ्या चपलेला चिकटून आलेलं पान नानांनी मला परत ठेवून यायला लावलं होतं. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं तेच घालायचे. त्यांनी एकेक वाक्य म्हणायचं, गावाने ‘व्हय महाराजा’ म्हणायचं, आणि एकदा म्हटलं की ते मोडायचं नाही. गळ्यात तुळशीची माळ, दारात धर्माचं नाव घेणाऱ्या पक्षाचा झेंडा. मी चिडवायचो, की तुमचे पुढारी देवाला हात जोडतात तेव्हा एक डोळा उघडा ठेवतात. ते म्हणायचे, “जावयबापू, तुमी दोन्ही मिटता, पर ते झोपायला.”

मग गेल्या निवडणुकीला त्याच पक्षाचा उमेदवार नारळ घेऊन देवळात आला. त्याच्या रिसॉर्टचा रस्ता राईतून जाणार, हे गावाला ठाऊक होतं. झाडांवर लाल रंगाच्या खुणाही पडल्या होत्या. आणि माझा मेहुणा सुनील बिरवाडीला त्याच्याच ठेकेदाराकडे कामाला. देवळात शिरण्याआधी नानांनी माझं मनगट धरलं. “भ्या वाटतंय,” म्हणाले. मला वाटलं, आज म्हातारा गुळमुळीत बोलून वेळ मारून नेणार, आणि मला, लाज वाटते पण, बरंच वाटलं.

“बा महाराजा,” नाना म्हणाले, “तुझं हे लेकरू निवडणुकीला उभं हाय. तुझ्या राईला त्यानं कुऱ्हाड लावली नाय, तर त्याला यश दे. लावली, तर त्याचं तू बघ.”

सगळं गाव उमेदवाराच्या तोंडाकडे बघायला लागलं. शेवटी उमेदवाराबरोबर आलेली माणसंच सवयीने ‘व्हय महाराजा’ म्हणून गेली! मग सगळं गाव म्हणालं. उमेदवार हसला, नानांच्या पाया पडला आणि हळूच म्हणाला, “सुनील आपल्याच माणसाकडे आहे ना, नाना?”

देवळाच्या पायऱ्या उतरताना मी नानांना विचारलं, एवढं होतं तर पक्ष कशाला धरून बसलात? म्हणाले, “पक्ष माझाच हाय. म्हणून तर त्याला देवासमोर बांधला. परक्याला कशाला बांधू?” घरी जाऊन त्यांनी झेंडा नीट केला. तो माणूस निवडून आला. नाना होते तोवर कुऱ्हाड लागली नाही. पण सुनीलचा फोन वाजला की सगळं घर दचकायचं.

सुतक फिटल्यावर ते निवडून आलेले साहेब पुन्हा आले. आता गाऱ्हाणं रस्त्याच्या कामाला यश मिळावं म्हणून हवं होतं. झाडांवरच्या खुणा नव्याने रंगवलेल्या. देवळात नाना उभे राहायचे तिथली फरशी त्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेली आहे. त्या फरशीवर आता नानांचा मुलगा म्हणून सुनीलला उभं केलं. त्याने हात जोडले, साहेबांकडे पाहिलं, राईकडे पाहिलं... “बा महाराजा,” एवढं म्हणून पुन्हा साहेबांकडे पाहिलं. मी खांबाआड सरकलो. साहेब हसून म्हणाले, “चालू दे, सुनील.”

आणि बायकांच्या बाजूने, त्या देवळात जन्मात कधी तोंड न उघडलेल्या माझ्या सासूबाई बोलून गेल्या, “तुझ्या बापाचं गाऱ्हाणं घाल रे, नायतर सरक, मी घालते.”