यहूदाचे दोन शेवट

"चूक दिसली, तर आधी आपला चष्मा पुसा!" शमुवेलमास्तरांचं हे वाक्य देहूरोडच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत लहानथोरांना पाठ होतं. मास्तर मूळचे नगरकडचे. लष्करी डेपोत माझ्या शेजारच्या टेबलावर कारकुनी करत आणि रविवारी चर्चमध्ये शास्त्रवर्ग घेत. बायबल उघडण्याआधी हात धुऊन पुसत, मग चष्मा. "देवाच्या वचनात काना-मात्रा चुकायचा न्हाई," म्हणत. एरवी माणूस मोठा गमत्या, पण इथं थट्टा खपत नसे.

चोपन्न साली त्यांची धाकटी राहेल पहिल्या प्रभुभोजनाच्या तयारीत होती. येशूच्या आठवणीची ती भाकर आणि द्राक्षरसाचा पेला मिळण्याआधी मुलांची परीक्षा होई. ती मास्तरच घेत. भर वर्गात त्यांनी विचारलं, "येशूला दगा देणाऱ्या यहूदाचा शेवट कसा झाला?"

"कुठला सांगू, बाबा? बायबलात दोन आहेत. मत्तय म्हणतो, गळफास घेतला. प्रेषितांच्या कृत्यांत तो पालथा पडून पोट फुटून मेला."

पोरं फिसकन हसली. मास्तर पांढरेफटक पडले. "जीभ लई वळवळाया लागली," एवढंच बोलले, आणि पोरीची तयारी नाही म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांना सांगून आले. पुढची दोन वर्षं भाकर फिरू लागली की राहेल उठून बाहेर पायरीवर बसायची. उपासना सुटल्यावर आम्ही तिच्या शेजारून निमूट घरी जायचो. ती दोन्ही वचनं आम्हीसुद्धा वाचलेली होती, पण बोलणार कोण?

पुढे तिचं परगावी नर्सिंगला जायचं ठरलं. निघण्याआधीच्या रविवारी ती नेहमीसारखी बाहेर गेली, आणि मास्तर उभे राहिले.

"मंडळी, यहूदाचे शेवट दोन लिहिलेत. मला तरुणपणापासनं ठावं हाय. एक चूक कबूल केली तर समदंच हातातनं जाईल, ह्या भ्यानं म्या पोरीला बाहेर बसवलं. लिहिणारा चुकला तरी देव चुकत न्हाई, एवढा भरवसा तिला व्हता. मला नव्हता. लाज वाटती मला."

कुणाचीच मान वर होईना. माझीही झाली नाही. पाळकसाहेब पेला घेऊन दाराशी गेले. राहेल उठून उंबऱ्यापर्यंत आली, पण तिनं हात पुढे केला नाही.

"आधी बाबांना द्या," ती म्हणाली. "त्यांना जास्त गरज हाय."