मास्क काढा, फुगा फुगवा

“मास्क काढा आणि हा फुगवून दाखवा.”

भाऊसाहेबांनी माझ्यासमोर लाल फुगा टाकला. भाऊसाहेब म्हणजे आमच्या शाळेचे संस्थाचालक. स्वतः दोन मास्क लावून काचेच्या पडद्यामागं बसलेले. मी दिलेल्या सर्टिफिकेटवर त्यांनी सॅनिटायझर मारलं होतं. शाई पसरली होती. डॉक्टरांनी लिहिलं होतं, हिचं डावं फुप्फुस अर्धं निकामी आहे, कोरोना झाला तर वाचणं अवघड, हिला घरून शिकवू द्या.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती. पोरांच्या स्वागताला फुगे आणले होते. सगळा स्टाफ भिंतीला टेकून उभा.

“बाई, तुमच्या लोकांची जिंदगी मेंढरांमागं वरडण्यात गेली. छाती लई दणकट असती तुमची. फुगला तर उद्यापासून हजर व्हायचं. नाय फुगला तर घरी बसा, कायमचं.”

कुणीतरी हसलं. मग मुख्याध्यापिकाही हसल्या.

मी धनगराची. देवगाव रंगारीकडची. दुष्काळात चारा संपला, टँकरचं पाणी माणसांनाच पुरेना. बापानं मेंढरं विकली आणि आम्हाला शहराच्या कडेला, चिकलठाण्याला आणलं. भाऊसाहेबांच्या घरानं तिथली शेतं बिल्डरला विकली होती. सोसायट्या उठत होत्या. आई त्यांच्याच जमिनीवर विटा वाहायची. आम्ही सिमेंटच्या गोण्यांच्या आडोशाला झोपायचो. तिथंच मी खोकायला लागले. टीबी. औषध उशिरा मिळालं, अर्धं फुप्फुस गेलं. जमिनीच्या पैशातून पुढं ही शाळा उभी राहिली आणि मी तिथं विज्ञानाची बाई झाले. केवढा अभिमान होता मला!

मी मास्क काढला. फुंकलं. फुगा हलेना. पुन्हा फुंकलं. डोळ्यांत पाणी आलं, मग खोकल्याची उबळ. सगळे भिंतीला आणखी चिकटले, नाकं दाबून. मी वाकून खोकत होते आणि कुणी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढं केला नाही. तिसऱ्यांदा फुंकलं. फुगा नारळाएवढा झाला.

“फुगला की! आणि म्हणं फुप्फुस नाय.”

टाळ्या वाजल्या. शिकलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून फुग्याला गाठ मारली. नोकरी वाचली म्हणून मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही किळस येते.

मग भाऊसाहेबांनी मावशींना पुढं बोलावलं. मावशी शाळेत झाडलोट करायच्या. शुगर होती, हृदयाचं ऑपरेशन झालेलं. त्यांनीही सुट्टी मागितली होती.

“ह्या बाईंनी फुगवला. आता तुम्ही.”

मावशींनी फुगा घेतला, मास्क हनुवटीखाली ओढला. मी मानेनं नको म्हटलं.

“तुम्ही फुगविला ना बाई,” त्या म्हणाल्या, “मंग म्या बी फुगविते. माही नोकरी जाईल.”

तेव्हा डोळे उघडले. मी नुसती माझी नोकरी वाचवली नव्हती. मी भाऊसाहेबांना पायंडा पाडून दिला होता. आता या शाळेत प्रत्येक आजारी माणसाला फुंकावं लागणार होतं, आणि भाऊसाहेब उदाहरण माझं देणार होते.

मी मावशींच्या हातातला फुगा काढून घेतला. पडद्याला वळसा घालून थेट भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी खुर्ची मागं रेटली.

“हा तुम्ही फुगवा. मास्क काढून. आमच्यासमोर.”

“माजलीस का गं?” अहो-जाहो क्षणात संपलं.

“व्हय,” मी म्हणाले. “माजले.”

त्याच दिवशी आम्हा दोघींना काढलं. आम्ही रिक्षानं औरंगपुऱ्यात गेलो, शिक्षण विभागात तक्रार दिली. मावशींनी अंगठा दिला, मी सही केली.

आता भाऊसाहेबांची माणसं घरी येतात. म्हणतात, बाई, तुम्हाला परत घेतो, पगारही वाढवतो, फक्त सही मागं घ्या. आणि मावशी? “तिचं सोडा. झाडणाऱ्या बाया पायलीला पन्नास मिळत्यात.”

मी त्यांना दारातूनच परत पाठवते. दोघींना घ्या, सगळ्या स्टाफसमोर माफी मागा, मग बोलू. घरात पगार नाही, बाप वैतागलाय. वैतागू दे. सही मी मागं घेणार नाही. उपाशी राहीन, पण कुणाची खात्री पटावी म्हणून यापुढं श्वास घेऊन दाखवणार नाही.