चेसिसवरचा नंबर

बाबांची लँड रोव्हर अमेरिकेले जाणार होती, अन् मी तिचं वाटोळं केलं. आधीच सांगून टाकतो, पोटात ठेवून ठेवून वैतागलो मी.

गाडी त्यांनी सरकारी लिलावात घेतलेली, जुनी. धाकटा भाऊ आठ वर्षांपासून तिकडं. तो फोनवर सांगे, ही इंग्रजांची गाडी तिकडं मोजकीच वर्षं विकली गेली, मग एअरबॅगचे नियम आले अन् विक्री बंद. म्हणून लोक जगभरातून जुन्या शोधून नेतात. पंचवीस वर्षांवरची चालते. काहींनी नंबर बदलून नव्या घुसवल्या, तर सरकारनं त्यांचा पार चेंदामेंदा केला.

"अपनी वाली भेज दो भैया," म्हणे. बाबा असे खूश! पोरगा तिकडं आपली गाडी चालवणार, हे त्यांनी आमच्या पुरानी बस्तीत साऱ्या पाऱ्याले, म्हणजे मोहल्ल्याले, सांगून टाकलं.

मी सिलतऱ्याच्या एका प्लांटमध्ये फिटर. आमच्याकडं साहेब तपासणीले येणार म्हटलं की आधी घिसाई, म्हणजे घासून गंज काढणं, मग रंग, अन् मशीनवरचा नंबर पुसट झाला असला तर नव्यानं पंच. मी तेच केलं. चेसिसवरचा नंबर गंजला होता. ग्राइंडर फिरवला, आरसी बुकात पाहून तोच नंबर ठोकला, एकदम सरळ रेषेत. फोटो पाठवला अन् शाबासकीची वाट पाहून राहिलो.

लगेच भावाचा फोन. "भैया, ये क्या कर दिया! नंबर छेड़ा हुआ दिखेगा. गाड़ी क्रश कर देंगे."

"अबे, नंबर तोच आहे ना!" मी ओरडलो. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

चार दिवस घास गोड लागेना. बसलो की उठावंसं वाटे. बाबा विचारत, "जहाज कधी आहे रे?" मी अभनपूरले काम आहे म्हणून सटकायचो, अन् उगाच भटकून परत यायचो. काहून सांगवत नव्हतं? भ्यायलो होतो, दुसरं काय!

पाचव्या दिवशी सांगितलं. बाबा चाकाजवळ उकिडवे बसले, नव्या नंबरावरून बोट फिरवलं. "काम साफ केलं," म्हणाले. मग फोन मागितला.

"गाडी येत नाही," ते भावाले म्हणाले. "आता तूच ये."

फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, "देखते हैं, पापा. छुट्टी का पक्का नहीं है."

बाबांनी फोन मले दिला.

"आठ वर्षांत त्याले ये म्हणून मी कधी म्हटलंच नव्हतं रे," ते म्हणाले.